कॅनडात डॉक्टर व्हायचंय: मेडिकल स्कूलचा अर्ज वेगळा, रेसिडन्सीचा वेगळा

"कॅनडात एमडीला ॲडमिशन कशी मिळते?" हे विचारणाऱ्यांत दोन अगदी वेगळी माणसं असतात. एकाचं मूल अकरावी-बारावीत असतं. दुसरा स्वतःच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजातून एमबीबीएस झालेला असतो आणि पुढचं शिक्षण तिकडे करावं म्हणत असतो. आपल्याकडे एमडी एमबीबीएसनंतर होते. कॅनडात एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आणि आपण ज्याला एमडी-एमएस म्हणतो ते तिथे रेसिडन्सी. एवढा खुलासा सगळेच देतात. पण त्यानंतरही लोक परीक्षा चुकीची देतात आणि मार्कशीट चुकीच्या ठिकाणी पाठवतात, कारण दोन्हीकडची नावं नि पायऱ्या वरवर सारख्याच दिसतात.

आधी मेडिकल स्कूल. बारावी झाली, नीट दिली, कॉलेज मिळालं, असा सरळ रस्ता कॅनडात जवळजवळ नाहीच. आधी विद्यापीठात तीन किंवा चार वर्षं काढायची, बहुतेक जण पदवी पूर्ण करतात, आणि मग एमडीला अर्ज करतात. पदवी जीवशास्त्राचीच हवी असंही नाही. इतिहास किंवा संगीत शिकून आलेलेही वर्गात सापडतात, मात्र काही ठिकाणी ठरावीक विषय झालेले लागतात. क्यूबेकचं गणित निराळं. तिथली मुलं सेजेप नावाची दोन वर्षं करून थेट मेडिकलला जाऊ शकतात, पण तो मार्ग क्यूबेकमध्ये वाढलेल्या आणि बहुधा फ्रेंच उत्तम येणाऱ्या मुलांचा आहे. साताऱ्याहून त्याची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही.

खरी अडचण गुणांच्या आधीच येते. कॅनडातल्या बहुतेक मेडिकल स्कूलमध्ये फक्त नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, असलेलेच अर्ज करू शकतात. टोरांटो, मॅकमास्टर, मॅकगिल अशा मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना थोडीशी फट होती. तीही आता बारीक होतेय: ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑन्टारिओ सरकारनं जाहीर केलं की २०२६ च्या प्रवेशापासून मेडिकलच्या ९५ टक्के जागा ऑन्टारिओच्याच रहिवाशांना आणि उरलेल्या ५ टक्के बाकीच्या कॅनडातल्यांना. म्हणजे स्टुडंट व्हिसावर टोरांटोत बीएस्सी करायची आणि मग तिथेच मेडिकलला घुसायचं, ही योजना पुण्यात कितीही छान वाटली तरी आधी पीआर हातात पडायला हवी. "कॅनडात प्री-मेड करा आणि डॉक्टर व्हा" असं सांगणारे एजंट हा मुद्दा अगदी हळू आवाजात सांगतात. सांगितलाच तर.

पीआर किंवा पासपोर्ट असेल तर मग पुढचं. ऑन्टारिओच्या सगळ्या मेडिकल स्कूलचा अर्ज ओमसॅस या एकाच पोर्टलवरून जातो. २०२५ मध्ये ब्रॅम्प्टनला सुरू झालेलं टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं नवं मेडिकल स्कूलही त्यातच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज बंद, मे महिन्यात निकाल. बघितला जातो तो आधी जीपीए, म्हणजे विद्यापीठातल्या गुणांची सरासरी, ४ पैकी. टोरांटोची किमान अट ३.६ ची, पण निवड झालेल्यांची सरासरी ३.९ च्या वर असते. किमान अट वाचून खूश व्हायचं नसतं, हे आपल्याला कटऑफच्या देशात वेगळं सांगायला नको.

मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. साडेसात तासांचा दिवस, चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२ गुण, म्हणजे एकूण ४७२ ते ५२८. नीटची सवय असलेल्याला यातले दोन विभाग ओळखीचे वाटतात: रसायन-भौतिक आणि जीव-जैवरसायन. तिसरा मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा, तो पाठ करून जमतो. चौथा मात्र कार्स, म्हणजे उतारा वाचून विचार करायचा. नऊ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. उतारे कलेवर, तत्त्वज्ञानावर, अर्थकारणावर, कशावरही; विज्ञान सोडून. बाहेरचं ज्ञान काही कामाचं नाही, लेखकाला काय म्हणायचंय आणि तो कुठे घसरतोय ते ओळखायचं. कोचिंग क्लासनं सगळं सुटतं अशा श्रद्धेनं वाढलेली आपली मुलं इथेच अडखळतात, कारण कार्सचा सिलॅबस नसतो. लहानपणापासून इंग्रजी वाचन असेल तर सोपा, नसेल तर तीन महिन्यांत ते येत नाही. आणि मॅकमास्टर एमकॅटमधला फक्त हाच विभाग बघतं! उलट ओटावा, मॅकगिल, सडबरी-थंडर बेचं नॉर्दर्न ऑन्टारिओ आणि नवं ब्रॅम्प्टन इथे एमकॅट मागतच नाहीत. त्यामुळे "एमकॅट कंपल्सरी आहे का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी शाळांची नावं ठरवा, मग परीक्षा.

ओमसॅसमधला खरा वेळखाऊ भाग म्हणजे आत्मचरित्राचा आराखडा. सोळाव्या वर्षापासून तुम्ही काय काय केलं ते नोंदवायचं, जास्तीत जास्त ३२ नोंदी. समजा मुलीनं सलग चार वर्षं मराठी मंडळाच्या गणपतीत आजी-आजोबांना घरून आणण्या-सोडण्याची गाडीची व्यवस्था सांभाळली. तिला लिहावं लागेल: काय काम, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, अंदाजे किती तास, आणि ते खरं आहे हे फोनवर सांगू शकेल अशा माणसाचं नाव. वर्णनाला १५० अक्षरं, शब्द नव्हेत. "गणेशोत्सवात सक्रिय सहभाग" असं लिहिलं तर नोंद वाया गेली. "दरवर्षी वीस ज्येष्ठांसाठी गाड्या आणि चालक जुळवले" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीतरी दिसतं. मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर दिलाय हे त्यांनाही सांगून ठेवायचं. हा साक्षीदार गावाकडचा काका नसावा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

याशिवाय शिफारसपत्रं आणि काही ठिकाणी कॅस्पर, म्हणजे "अशा पेचात तुम्ही काय कराल?" असं विचारणारी ऑनलाइन परीक्षा. मुलाखतीला बोलावलं तर बहुतेक ठिकाणी एमएमआय, म्हणजे एकामागून एक खोल्यांत दिलेल्या छोट्या छोट्या मुलाखती. तिचा जन्म हॅमिल्टनच्या मॅकमास्टरमधलाच.

एमएमआयपासूनच आता दुसऱ्या वाटेवर जाऊ, कारण इथे गोंधळ सगळ्यात जास्त होतो. दाराबाहेर उभं राहायचं, चिकटवलेला कागद वाचायचा, घंटा वाजली की आत, ठरलेली मिनिटं संपली की पुन्हा घंटा, पुढचं दार. रेसिडन्सीसाठी परदेशी पदवीधरांना जी नॅक परीक्षा द्यावी लागते तीही बाहेरून हुबेहूब अशीच. आत मात्र काहीच सारखं नाही. एमएमआयच्या खोलीत साधारण आठ मिनिटांत तुम्ही सांगता की गटप्रकल्पात मित्रानं दुसऱ्याचं काम चोरलंय तर तुम्ही कसं वागाल. वैद्यकशास्त्राचा एकही प्रश्न नाही. नॅकच्या खोलीत शिकवून तयार केलेला रुग्ण बसलेला असतो: पंचेचाळिशीची बाई, पोटात उजवीकडे दुखतंय. अकरा मिनिटांत तिची हिस्ट्री घ्यायची, सांगितलं असेल तर तपासायचं, आणि हे सगळं तिच्याशी माणसासारखं बोलत. आपल्याकडे खच्चून भरलेल्या ओपीडीत तयार झालेल्या डॉक्टरांचं निदान बहुधा बरोबर येतं, गुण जातात ते "तुम्हाला कशाची काळजी वाटतेय?" हे न विचारल्यामुळे, पोटाला हात लावण्याआधी परवानगी न घेतल्यामुळे.

तर रेसिडन्सी. इथे अर्ज करणारा आधीच डॉक्टर आहे. त्याच्या वाटेवर एमकॅट नाही, ओमसॅस नाही, कॅस्पर बहुतेकदा नाही. पोर्टलचं नाव कार्म्स. एमबीबीएसवाल्याला लागतं ते असं: कॉलेज जागतिक वैद्यकीय शाळांच्या यादीत कॅनडाच्या मान्यतेच्या शेऱ्यासह असणं, कॅनडाच्या मेडिकल कौन्सिलकडून पदवीची मूळ कॉलेजाशी पडताळणी, त्याच कौन्सिलची एमसीसीक्यूई पार्ट वन ही परीक्षा, नॅक, भाषेचा पुरावा, आणि इथेही नागरिकत्व किंवा पीआर. या एकाच अटीवर दोन्ही वाटा एकत्र येतात. जुन्या ब्लॉगवर आणि व्हॉट्सॲपवर अजून "पार्ट टू"ची तयारी कशी करावी ते फिरत असतं. ती परीक्षा २०२१ मध्येच बंद झाली.

कागदांचा घोटाळा असा होतो. तीच मार्कशीट, तीच पदवी, पण मेडिकल स्कूलच्या अर्जाला परदेशी विद्यापीठाचे गुण डब्ल्यूईएस नावाच्या संस्थेकडून जीपीएमध्ये बदलून घ्यावे लागतात. डॉक्टर म्हणून पीआरसाठी जे मूल्यांकन लागतं ते मात्र मेडिकल कौन्सिलचं. तिथे डब्ल्यूईएसचा अहवाल चालत नाही. इंजिनिअर नवऱ्याची फाइल डब्ल्यूईएसनं झाली म्हणून डॉक्टर बायकोचीही तिथेच पाठवायची, हा प्रकार फार घडतो. पैसे गेले त्याचं एवढं नाही, महिने जातात.

निवडीची पद्धतही समजून घ्यायला हवी. नीट पीजीत रँक आली की ब्रँच नि कॉलेज त्या क्रमानं ठरतं. कार्म्समध्ये तुम्ही प्रोग्रॅमना पसंतिक्रम देता, प्रोग्रॅम मुलाखती घेऊन तुम्हाला क्रम देतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. ज्या गणितावर ते चालतं त्या क्षेत्रातल्या कामासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण गणित कितीही न्याय्य असलं तरी जागा ज्या रांगेत आहेत ती रांग महत्त्वाची. पहिल्या फेरीत परदेशी पदवीधरांच्या जागा बऱ्याच प्रांतांत वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्या थोड्या असतात, आणि त्यांत फॅमिली मेडिसिनचा वाटा मोठा असतो. दोन वर्षांची फॅमिली मेडिसिन म्हणजे आपली जीपी, असं म्हणून नाक मुरडणारे पुढे बहुधा ती मिळाली तरी बरं असं म्हणतात. ऑन्टारिओत अशी जागा घेतली तर नंतर पाच वर्षं त्या प्रांतात सेवा द्यायचा करार करावा लागतो. पदवीला किती वर्षं झाली, मधल्या काळात रुग्ण तपासले का, तेही विचारलं जातं. म्हणून पीआरची वाट बघत घरी बसण्यापेक्षा भारतात प्रॅक्टिस चालू ठेवलेली बरी.

अधूनमधून असंही कानावर येतं: "कार्म्स कठीण आहे तर एमबीबीएसवाल्यानं सरळ पुन्हा एमडीलाच अर्ज करावा." ऐकायला सोपं. पण काही शाळा आधीच वैद्यकीय पदवी असलेल्यांचा अर्ज घेतच नाहीत, काहींना कॅनडा-अमेरिकेतल्या विद्यापीठातली पूर्णवेळ वर्षं लागतात, आणि एमबीबीएसच्या टक्क्यांवरून निघणारा जीपीए ३.९ च्या गर्दीत टिकायला हवा. मला हा मार्ग अपवाद म्हणूनही सुचवावासा वाटत नाही.

याच्या उलटा गोंधळ मात्र जास्त महाग पडतो, आणि तो कॅनडातल्या मराठी घरांतच होतो. मूल ब्रॅम्प्टन-मिसिसागात वाढलं, नागरिक आहे, जीपीए ३.७ वर अडकला. मग आई-बाबा ठरवतात की महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करू, नीट द्यावी लागेल तेवढी देऊ, आणि "आपला पासपोर्ट आहेच, परत येऊन प्रॅक्टिस". पासपोर्टनं परत येता येतं. रेसिडन्सीच्या रांगेत मात्र ते मूल परदेशी पदवीधरच ठरतं. पदवी कुठून घेतली यावर रांग ठरते, जन्म कुठे झाला यावर नाही. आयर्लंड, कॅरिबियन किंवा लोणी-कराड, या बाबतीत फरक नाही. जायचंच असेल तर नॅक, पार्ट वन आणि थोड्या जागा हे सगळं पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर ठेवून जावं. फी भरल्यावर नव्हे.

शेवटी ज्यांचं भारतात एमडी-एमएस झालंय ते. त्यांना वाटतं आपल्याला रेसिडन्सी तरी कशाला? कॅनडाच्या रॉयल कॉलेजनं काही देशांचं स्पेशालिस्ट प्रशिक्षण मान्य केलंय, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका वगैरे. भारत त्यात नाही. मुंबईतल्या कित्येक सर्जनांच्या पाटीवर "फेलोशिप, टोरांटो" दिसतं, ते वर्क परमिटवर येऊन केलेलं पुढचं प्रशिक्षण असतं. त्यातून स्वतंत्र प्रॅक्टिसचं लायसन्स आपोआप मिळत नाही. ज्यांनी काही वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस केलीय त्यांच्यासाठी ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया अशा प्रांतांत "प्रॅक्टिस रेडी" मूल्यांकन आहे: साधारण १२ आठवडे प्रत्यक्ष दवाखान्यात देखरेखीखाली काम, आणि मग बहुधा डॉक्टरांची टंचाई असलेल्या गावी काही वर्षांची नेमणूक. यात प्रत्येक प्रांताच्या अटी वेगळ्या आहेत आणि काहींना पदव्युत्तर फॅमिली मेडिसिनचं प्रशिक्षणच लागतं. म्हणून कुणा ओळखीच्याचं विनिपेगमध्ये झालं तर आपलं व्हँकुव्हरमध्ये होईलच असं धरू नये. पार्ट वन मात्र भारतातल्या प्रॉमेट्रिक केंद्रात बसूनही देता येते, त्यामुळे पीआरची फाइल चालू असतानाच ती उरकता येते. नॅकसाठी मात्र कॅनडात यावंच लागतं.