व्ह्यूमधले हेल्पर सगळ्या पानांना मोकळे कसे झाले

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात तालुक्याच्या गावी वेबसाइटची कामं करणाऱ्याची गिऱ्हाइकं ठरलेली असतात: जिनिंग, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, फार तर बाजार समिती. पानावर लागणारी गणितंही ठरलेलीच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो, त्यामुळे १ हेक्टर २१ आर हे पानावर ३ एकर असं दिसावं लागतं. सव्वा लाखाचा चुकारा १,२५,००० असा छापावा लागतो. बहुतेक फ्रेमवर्कांना, म्हणजे वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्यांना, हजारांचेच गट ठाऊक, त्यामुळे ती १२५,००० छापून मोकळी होतात. रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कमध्ये गट पाडायचा नमुना आपण द्यायची सोय पुढे आली, पण तोवर इकडे ज्याने त्याने आपापला लाखाचा हेल्पर, म्हणजे असं गणित करून देणारं छोटं फंक्शन, लिहून घेतलेला होता.

असा हेल्पर लिहावा आणि टेम्प्लेटमधून, म्हणजे पानाच्या साच्यातून (यालाच व्ह्यूही म्हणतात), वापरावा, यावर कुणाचं दुमत नाही. तो कुठल्या टेम्प्लेटला दिसावा, यावर मात्र भांडण आहे आणि ते जुनं आहे.

पीएचपीच्या जमान्यात, म्हणजे १९९५ नंतरच्या दशकात, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. फंक्शनांची एक फाइल करायची आणि पानाच्या माथ्यावर ती इन्क्लूड करायची, की झालं. जावाकडे १९९९ पासून जेएसपीची पानं आणि त्यांच्यासाठी टॅग लायब्ऱ्या (हेल्परांचे संच) होत्या. वापरायची लायब्ररी पानावर जाहीर करावी लागे. खेड्यापाड्याच्या कामात तो प्रकार फारसा आला नाही.

२००४ मध्ये रेल्स आणि २००५ मध्ये पायथॉन भाषेतलं जॅंगो लोकांसमोर आलं, तेव्हा दोन वाटा स्पष्ट फुटल्या. जॅंगोने आपण लिहिलेले टॅग आणि फिल्टर, म्हणजे तिथले हेल्पर, 'टेम्प्लेटटॅग्स' नावाच्या फोल्डरात ठेवायला सांगितले आणि ज्या टेम्प्लेटला ते हवेत तिने 'लोड' लिहून मागून घ्यावेत असा नियम केला. मूळ टेम्प्लेटने लोड केलेलं तिच्यावर बेतलेल्या टेम्प्लेटलाही आपोआप मिळत नाही, पुन्हा लिहावं लागतं. लिहिताना याचा कंटाळा येतो, हे खरं. पण दोन वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला 'एकरात' हा फिल्टर कुठून आला ते पहिल्या चार ओळींतच कळतं.

रेल्सची सुरुवातही तशी शिस्तीतच होती. प्रत्येक कंट्रोलरला, म्हणजे एका प्रकारच्या पानांची मागणी हाताळणाऱ्या कोडला, त्याच्या नावाची हेल्परची फाइल आणि सगळ्यांना मिळून एक ॲप्लिकेशन हेल्पर. कापसाच्या पानांचे हेल्पर कापसाच्या फाइलमध्ये, संत्र्याचे संत्र्याच्या. दुसऱ्याचं हवं असेल तर कंट्रोलरमध्ये तसं सांगायचं.

मग डिसेंबर २००७ मध्ये रेल्स २.० आलं. नवा प्रकल्प सुरू केला की तयार होणाऱ्या ॲप्लिकेशन कंट्रोलरमध्ये 'हेल्पर :ऑल' ही ओळ आयती मिळू लागली, आणि शेजारी टीप: सगळे हेल्पर, सदासर्वकाळ. ओळ डोळ्यांसमोर होती तोवर ती खोडता तरी येत होती. २०१० च्या ३.० मध्ये तीही गेली आणि तेच वर्तन मूळ कंट्रोलरमध्ये मुरलं. फाइली मात्र पूर्वीसारख्याच कंट्रोलरच्या नावाने तयार होत राहिल्या. माझ्या मते गफलत इथे झाली. नावं सांगत होती की हा हेल्पर कापसाचा आहे, प्रत्यक्षात तो सगळ्यांचा झाला होता.

याचा फटका कसा बसतो ते बघा. कापूस हेल्परमध्ये 'भाव_दाखवा' नावाची मेथड, म्हणजे फंक्शन, आहे, ती आकड्यापुढे 'प्रति क्विंटल' लावते. वरुड-मोर्शीकडचं गिऱ्हाईक मिळालं, म्हणून संत्रा हेल्पर तयार केला आणि त्यातही 'भाव_दाखवा' लिहिली, ती 'प्रति हजार फळे' लावते. हेल्परच्या फाइली इंग्रजी अक्षरक्रमाने चढतात. के आधी येतो, एस नंतर, आणि एकाच नावाच्या दोन मेथड असल्या की नंतरची बाजी मारते. कापसाच्या पानावर क्विंटलच्या भावापुढे 'प्रति हजार फळे' झळकू लागतं. एरर येत नाही, लॉगमध्ये काही पडत नाही. फोन येतो तो थेट गिऱ्हाइकाचा, आणि बोलणं काय ऐकावं लागतं ते सांगायला नको.

सगळे हेल्पर सगळ्यांना द्यायच्या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की हेल्पर ही व्ह्यूची गोष्ट आहे, कंट्रोलरची नाही, आणि पानाचा तोच तुकडा दहा ठिकाणी वापरला जातो, मग प्रत्येक कंट्रोलरला आठवण कशाला करून द्यायची? मोठ्या शहरातल्या आठ-दहा जणांच्या टीमला हे परवडतं. तिथे कोड तपासणारा असतो, टेस्ट असतात, नावाला उपसर्ग लावायची पद्धत पडलेली असते. आमच्याकडे एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती येतं तोवर पहिला पुण्याला नोकरीला लागलेला असतो आणि फोन उचलत नाही. अशा कोडला 'हे इथून आलं' असं सांगणारी एक ओळ फार मोलाची असते.

टीका झाली तशी २०११ च्या रेल्स ३.१ मध्ये सगळे हेल्पर घ्यायचे की नाहीत याची सेटिंग आली. ती 'फॉल्स' केली की फक्त ॲप्लिकेशन हेल्पर आणि त्या कंट्रोलरचा आपला हेल्पर मिळतो. २००४ चंच वर्तन, आता मागून घ्यावं लागणारं.

गंमत अशी की जॅंगोही उलट दिशेने थोडं सरकलं. डिसेंबर २०१५ च्या १.९ पासून काही टॅग लायब्ऱ्या सेटिंगमध्ये नोंदवून सगळ्या टेम्प्लेटना आयत्या देता येतात. पण कुठल्या द्यायच्या ते नावानिशी लिहावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या एमव्हीसी फ्रेमवर्कमध्ये एचटीएमएल हेल्परची नेमस्पेस (ते ज्या नावाखाली ठेवलेत ते नाव) एकतर पानावर लिहायची, नाहीतर व्ह्यूज फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये. रेझर या तिथल्या टेम्प्लेट भाषेतली पानातच हेल्पर लिहायची सोय २०१६ च्या कोअर आवृत्तीत काढून टाकली गेली आणि टॅग हेल्पर आले. तेही नाव घेऊनच जोडावे लागतात. रेल्सने त्याच वर्षी, ५.० मध्ये, कंट्रोलरमधूनही हेल्पर वापरायची वाट करून दिली, म्हणजे पसारा आणखी वाढला.

रेल्सच्या नव्या कामात सगळ्या हेल्परची ती सेटिंग पहिल्याच दिवशी 'फॉल्स' करणारे आता बरेच आहेत. चालू असलेल्या जुन्या साइटवर ते जमत नाही. सेटिंग बदलली की इतकी वर्षं दुसऱ्याच्या फाइलमधला हेल्पर गुपचूप वापरणारी पानं 'अनडिफाइन्ड मेथड' म्हणत एकेक करून पडतात, आणि त्यातलं महिन्यातून एकदा उघडणारं पान नेमकं चुकाऱ्याच्या दिवशी सापडतं. म्हणून हंगाम चालू असताना त्याला कुणी हात लावत नाही, आणि हंगाम संपला की त्या कामाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं.