लॉग केबिनचा लाल चौकोन: जुन्या क्विल्टचे रंग कसे ठरले

क्विल्ट म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी आणि ब्लॉक म्हणजे तिचा एक चौकोनी नमुना. लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांचं घर, या अमेरिकी क्विल्ट-ब्लॉकच्या मधोमध बहुतेक वेळा लाल चौकोन असतो. तो चुलीतला विस्तव आणि भोवतीच्या पट्ट्या म्हणजे ओंडक्यांच्या भिंती, असा अर्थ लावला जातो. काळा चौकोन म्हणजे पळून आलेल्या गुलामांना आसऱ्याची खूण, असंही सांगतात. या दुसऱ्या गोष्टीला त्या काळातला पुरावा नाही. तारीख घातलेली लॉग केबिन क्विल्ट १८६०च्या दशकापासून सापडतात आणि अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. लाल रंगाचं खरं कारण रंगाऱ्याकडे शोधावं लागतं.

टर्की रेड हा लाल मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर वनस्पतीच्या मुळांचा. सुताला आधी तेल, मग तुरटी, असे अनेक हात द्यावे लागत. काम किचकट, माल महाग, पण रंग धुऊन किंवा उन्हात घालून सहसा उतरत नसे. म्हणून रोज अंगावर घ्यायच्या क्विल्टसाठी बायका भरवशाने हेच कापड घेत. मॅडरमधलं रंगद्रव्य, अलिझरिन, कारखान्यात बनवण्याची पेटंटं १८६९ मध्ये निघाली. १८८४ मध्ये काँगो रेड आला. त्याला तुरटी लागत नव्हती, म्हणून तो स्वस्त पडला. पण पाणी लागताच शेजारच्या पांढऱ्यावर उतरू लागला.

हिरव्याने याहून मोठा घोळ घातला आहे. आधी निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करत. १८७०नंतरचे अनेक कृत्रिम हिरवे उडून खाकी झाले. आज लाल-खाकी दिसणारं क्विल्ट मुळात लाल-हिरवं असू शकतं. शिवणीच्या आत दुमडलेली कड उलगडून पाहावी, तिथे बऱ्याचदा हिरवा शिल्लक असतो. तपकिरी आणि काळ्या छापांत लोहाचं रंगबंधक असे आणि ते सूत खातं. म्हणून कित्येक क्विल्टांत फक्त तपकिरी फुलं गळून पडलेली असतात, भोवतीचं कापड धड असतं.

लॉग केबिनची बांधणी रंगांच्या या निवडीला सोयीची आहे. दोन लगतच्या बाजूंना फिक्या पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. अरुंद चिंध्याही खपतात. जुन्या पद्धतीत पट्ट्या पातळ पायाकापडावर शिवत. शिवणींचे थर जाड होत, म्हणून गोधडीसारखा धावदोरा घालणं जड जाई. पुष्कळदा आत कापूस न घालता अस्तराला नुसत्या गाठी मारत.

आज करायचं तर मधला चौकोन आणि पट्ट्या दीड इंची कापा, शिवण पाव इंच ठेवा. तीन फेऱ्यांनंतर ब्लॉक, बाहेरच्या कडांची पाव-पाव इंच शिवण सोडून, सात इंचाचा व्हायला हवा. प्रत्येक शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही कापडांतून मिळून एक सूत जातं. आडव्या सहा शिवणींत पाऊण इंच गेला आणि ब्लॉक सव्वासहाचा राहिला. मग शेजारचे ब्लॉक जुळत नाहीत. फेरी पूर्ण झाली की मोजा, शेवटी नको.

१९३०च्या दशकातल्या क्विल्टांचे फिके गुलाबी, पिवळे आणि पुदिन्याच्या जवळचे हिरवे हा वेगळाच काळ आहे. धान्य-खाद्याच्या छापील पोत्यांचं कापड तेव्हा घरोघरी शिवणात वापरलं जाई आणि कॅन्सस सिटी स्टार हे वृत्तपत्र १९२८पासून ब्लॉकचे नमुने छापत होतं.

जुनं क्विल्ट हाती आलं तर आधी धुऊ नका. पांढरं सुती फडकं शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, लाल तुकड्याच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं दाबून धरा. फडक्यावर गुलाबी झाक आली, तर त्याला पाणी दाखवू नका.