कोलोरॅडो नदीवरील आगबोट वाहतूक

उत्तर अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या खालच्या टप्प्यात १८५२ ते १९०९ या काळात चाललेली माल व प्रवासी वाहतूक. मोहावे आणि सोनोरन वाळवंटांतून वाहत ही नदी कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळे. पाणी उथळ आणि लालसर गढूळ, पात्र सतत जागा बदलणारे. खरे पाहता बोटी चालवण्याजोगी ही नदी नव्हतीच. पण दोन्ही काठांची जमीन त्याहून वाईट होती. या धंद्याचे सारे गणित एवढ्यातच आहे.

काठावरचे कोकोपा, क्वेचान आणि मोहावे लोक लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेल्या तराफ्यांवरून नदी ओलांडत. १५४० मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी एर्नांदो दे आलार्कोन हा स्पॅनिश मोहीमप्रमुख कोरोनादोच्या सैन्यासाठी रसद घेऊन नदीच्या मुखाशी आला. जहाजे तिथेच ठेवून तो होड्यांनी वर निघाला, तेव्हा काठावरच्या लोकांनी दोर लावून त्या होड्या ओढल्या. रसद मात्र सैन्यापर्यंत पोचलीच नाही.

पुढची तीन शतके मोठी बोट कोणी आणली नाही. १८५० मध्ये ‘हिला’ (Gila) या उपनदीच्या संगमाजवळ अमेरिकी लष्कराने फोर्ट युमा उभारला आणि प्रश्न ऐरणीवर आला. सॅन दिएगोहून खेचरांच्या गाड्यांनी वाळवंट ओलांडून धान्य आणावे लागे. रसदीचे इतके हाल झाले की १८५१ च्या अखेरीस ठाणे काही काळ सोडावे लागले. डिसेंबर १८५२ मध्ये जेम्स टर्नबुल यांची ‘अंकल सॅम’ ही जेमतेम २० मीटर लांबीची आगबोट सुमारे ३५ टन माल घेऊन तिथे लागली. १८५४ मध्ये जॉर्ज जॉन्सन यांनी ‘जनरल जेसप’ आणली. तिच्यात ५० टन माल मावे आणि टनामागे ७५ डॉलर भाडे पडे.

सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले जहाज बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पाला वळसा घालून नदीच्या मुखाशी येई. माल आगबोटीत चढवायचा तोही भीतभीतच, कारण उधाणाच्या भरतीला इथे पाण्याची भिंतच आत घुसे. मेक्सिकन लोक तिला ‘एल बुर्रो’, म्हणजे गाढव, म्हणत. पुढचे काम वाळूशी होते. बोटीचे बूड पाण्यात दोन-अडीच फूटच असे आणि नाळेवरचा खलाशी काठीने खोली मोजत राही. तरीही बोट रुते. मग ती उलटी फिरवून मागचे चाक वाळूच्या दांड्यावर आणत. चाकाची पाती वाळू उपसत आणि बोट पाठमोरी पलीकडे जाई. गोड्या पाण्यातला झिंगा (क्रॉफिश) असाच मागे सरकतो, त्यावरून खलाशांनी या युक्तीला नाव दिले होते. कालचा मार्ग आज असेलच असे नसल्याने नकाशापेक्षा कप्तानाची नजरच कामी येई. जळणासाठी काठाने मेस्किट आणि कॉटनवुडच्या लाकडाच्या वखारी होत्या. ते लाकूड तोडणारे बरेचसे कोकोपा होते, आणि बोटींवर राबणाऱ्यांतही स्थानिक माणसे होती. कप्तानांची नावे जशी नोंदली गेली तशी यांची गेली नाहीत.

नदी किती वरपर्यंत जाण्याजोगी आहे हे पाहण्यासाठी सरकारने लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज यांना लोखंडी ‘एक्सप्लोरर’ घेऊन पाठवले. मार्च १८५८ मध्ये ब्लॅक कॅन्यन या घळीच्या तोंडाशी बोट खडकावर आदळली. मोहिमेचे कंत्राट न मिळाल्याने चिडलेले जॉन्सन ‘जनरल जेसप’ घेऊन त्यांच्या आधीच नदीत बरेच वर जाऊन आले होते. परतताना त्यांनी गाडीरस्त्याची पाहणी करणाऱ्या एडवर्ड बील यांच्या तुकडीला बोटीतून पैलतीरी नेले. ही तुकडी लष्कराचे उंट घेऊन वाळवंटात फिरत होती.

१८६२ मध्ये नदीकाठच्या ला पाझ येथे सोने सापडले आणि धंदा बहरला: वर जाताना यंत्रे, पीठ, दारू, खाली येताना खनिज. मुखाजवळ पोर्ट इसाबेल येथे बोटी बांधण्या-दुरुस्त करण्याची गोदीही झाली. १८७७ मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वे युमाला पोचली, तिने जॉन्सन आणि भागीदारांची आगबोट कंपनीच विकत घेतली आणि मुखापासूनची वाहतूक संपली. युमापासून वरच्या खाणींकडे बोटी जात राहिल्या. १९०९ मध्ये लगुना धरणाने तोही मार्ग अडवला.

‘एक्सप्लोरर’ नंतर जॉन्सन यांनी घेतली. लाकूड वाहता वाहता ती त्रिभुज प्रदेशात बुडाली. १९३० च्या सुमारास तिचा लोखंडी सांगाडा सापडला, तो वाहत्या पात्रापासून बराच दूर, कोरड्या जमिनीत.