एक्स-रेवाल्यांच्या छातीवरचा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज नक्की करतो काय?

आमच्या एक्स-रे रूममध्ये फरशी पुसायला एक मावशी यायच्या, पण मशीनजवळची तेवढी जागा हमखास सोडून द्यायच्या, का तर "तिथं रेडिएशन साचतं". कितीदा सांगितलं की मावशी, ट्यूबलाइट बंद केल्यावर उजेड कोपऱ्यात साचून राहतो का, तसंच हे, बटण सोडलं की एक्स-रे संपला. पटलं नाही ते नाहीच. आणि गंमत बघा, त्याच हॉस्पिटलच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सी-आर्म चालू असताना आमचेच लोक शिशाचा अ‍ॅप्रन न घालता बिनधास्त गप्पा मारत उभे.

सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना हाड लाइव्ह दाखवणारं मशीन. मांडीच्या हाडात रॉड जातोय, डॉक्टर म्हणतात "मार", पेडल दाबलं, स्क्रीनवर चित्र, थोडं सरकवलं, परत "मार". एका केसला हे किती वेळा होतं ते कुणी मोजत नाही. आता आपल्याला जे लागतं ते थेट एक्स-रे सोडणाऱ्या ट्यूबमधून नाही येत, पेशंटच्या अंगावर आपटून चहूबाजूला उधळतं ते, त्याला आम्ही स्कॅटर म्हणतो. पेशंटपासून एक मीटरवर हे साधारण त्याच्या अंगावर पडलेल्याच्या हजाराव्या भागाएवढं असतं. किरकोळ वाटतं ना? पण पेशंट येतो एकदा नि घरी जातो, आपण रोज तिथंच, वर्षानुवर्षं.

म्हणून मागे सरका. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात तर डोस, म्हणजे अंगाला लागणारं रेडिएशन, चौथाई, तीनवर गेलात तर नववा हिस्सा, आणि याला पैसे पडत नाहीत. ट्यूब टेबलाच्या खाली ठेवायची, कारण किरण अंगात शिरतात त्या बाजूला स्कॅटर सगळ्यात जास्त, मग तो पायांकडे जातो, तोंडावर नाही.

आणि हाड धरायला हात बीममध्ये, म्हणजे किरणांच्या झोतात, घालू नका हो. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली ट्यूब नीट चालतेय का ते स्वतःचा हात मध्ये धरून बघायचा, हात कापावे लागले आणि 1904 मध्ये गेला. तेव्हा कुणाला कळत नव्हतं, आता कळतंय तरी मोह सुटत नाही.

आता बॅज. कित्येकांना वाटतं तो लावला की आपण सेफ. अहो तो ढाल नाहीये, मीटर आहे! आत कार्डावर तीन छोट्या चकत्या असतात, कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोशियम मिसळलेलं. रेडिएशन लागलं की ती ऊर्जा त्यात अडकून बसते, लॅबमध्ये चकती तापवली की तीच उजेड होऊन बाहेर पडते, जेवढा उजेड तेवढा डोस. दोन चकत्यांवर वेगवेगळे फिल्टर आणि तिसरी उघडी, म्हणून किरण कसले होते त्याचाही अंदाज येतो. दर तीन महिन्यांनी कार्ड बदलायचं. लावायचा छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत.

एकाने बॅज अ‍ॅप्रनला अडकवलेलाच ठेवला, अ‍ॅप्रन खुंटीला आणि खुंटी एक्स-रे रूममध्ये. तिमाही संपली, डोस भलताच आला, लेखी खुलासा द्यावा लागला. उलटेही आहेत, आकडा वाढला तर ड्युटी बदलतील म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये. रिपोर्ट शून्य, सगळे खुश. याचा मला जास्त राग येतो, कारण आपल्याकडे मर्यादा कडक आहे, अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेली, पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. (निसर्गातून जगात सरासरी 2.4 मिळतातच.) नीट काम करणारा टेक्निशियन याच्या बराच खाली राहतो, मग लपवायचं कशाला?

अ‍ॅप्रनची घडी घालू नका, आतलं शिसं घडीवर चिरतं आणि वरून कापड अगदी शाबूत दिसतं. वर्षातून एकदा तरी तो सी-आर्मखाली धरून बघा, भेग लगेच दिसते. आम्ही बघितले तेव्हा एकाला खांद्यापाशी बोटभर चीर निघाली, तोच सगळ्यांचा लाडका, हलका वाटायचा म्हणून.

राहिले डोळे. अ‍ॅप्रन मानेखालीच संपतो आणि डोळ्याच्या भिंगाला रेडिएशनने मोतीबिंदू होतो, अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरांमध्ये हे बघितलं गेलंय. शिशाचा चष्मा मिळतो, जड असतो, नाकावर वळ उठतात. आमच्याकडे सहा जणांत एक आहे आणि तो बहुतेक वेळा कपाटात असतो.