आठवड्याचा गृहपाठ आणि रविवारचा गृहपाठ

रोजचा गृहपाठ सगळ्यांना ठाऊक आहे: आज दिला, उद्या तपासला. घोळ होतो तो आठवड्याच्या गृहपाठात. सोमवारी मिळालेला कागद पुढच्या सोमवारी द्यायचा असतो. मग नागपुरात धरमपेठ असो की सक्करदरा, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी रात्री विचारणा सुरू होते, "होमवर्क काय होता?"

मुदत सात दिवसांची दिली ती रोज थोडं थोडं करता यावं म्हणून. तिसरीतल्या पोराची रविवारी लिहिलेली वही उघडून बघा. सातचा पाढा दहा वेळा लिहायचा होता. पोरगं आधी सरळ खाली सात-सात उतरवतं, मग शेजारी एक ते दहा, मग बाजूच्या रकान्यातून उत्तरं. पान भरतं, पाढा तोंडात एकदाही येत नाही. चौथ्या पानावर शिरोरेषा गायब, पाचव्या पानावर अक्षर आईचं. तोच पाढा रोज एकदा म्हणून एकदा लिहिला असता तर पाच मिनिटं लागली असती आणि शनिवारपर्यंत पाठ झाला असता. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं.

दुसरा घोळ आकड्यांचा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. आठवड्याला! सहा दिवसांत वाटले तर रोज वीस मिनिटं. हेच २ तास रोजचे समजून पोरांना बसवणारे पालक भेटतात, तेव्हा खरंच संताप येतो. रोजचा हिशेब सहावीपासून सुरू होतो, तोही १ तासाचा.

प्रकल्प ही तिसरीच गोष्ट. थर्माकोलचा किल्ला बाबांनी कापायचा असेल तर तो पोराला देऊच नये.

माझी पसंती आठवड्याच्या गृहपाठालाच, पण कागदावर वारांचे रकाने हवेत आणि कामं घरातली हवीत. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आठवड्यात लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून मिळालेला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मोजायला सांगा: दहाच्या नोटा किती, नाणी किती, एकूण किती. ते गणित कुठलंच पोरगं रविवारपर्यंत ठेवत नाही.