नवरा कोल्हापूरचा, म्हणून केसही कोल्हापुरातच?

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे माहेरी परतलेल्या लेकीला हमखास ऐकवलं जातं: "लग्न महाराष्ट्रात झालं, केसही तिकडेच करावी लागेल. आणि घर तूच सोडलंस, आता हक्क कसला?" दोन्ही गोष्टी चूक आहेत. या गैरसमजापायी किती जणी वर्षानुवर्षं गप्प बसतात, हे बघून जीव तुटतो.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याचं कलम 27 बघा. बाई सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरती का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो. आदेश भारतभर लागू होतो. सीमा आड येत नाही. मारहाणीमुळे घर सोडलं तरी त्या घरात राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही. पोटगीचा अर्जही ती राहते तिथे चालतो.

मुलांच्या ताब्याची केस कुठल्या कोर्टात, हे ठरवताना मात्र मूल नेहमी कुठे राहतं ते पाहतात. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच असतं. त्यानंतर ते आपोआप बापाकडे जात नाही, मुलाचं हित बघितलं जातं.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.