झऱ्याचं नितळ पाणी न उकळता प्यावं का?

"जमिनीतून गाळून येतं, वाहतं असतं, म्हणून झऱ्याचं पाणी शुद्धच" असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात थोडं तथ्य आहे. वाळू-मातीच्या जाड थरातून सावकाश झिरपलेलं पाणी खरोखर बरंच गाळलं जातं. भेगाळलेल्या खडकातून किंवा चुनखडीच्या पोकळ्यांतून आलेलं मात्र जवळजवळ न गाळताच बाहेर पडतं. पुढे ओढा झाला की काठावरची गुरं, शेतं, शौचखड्डे यांची घाण त्यात उतरते. नितळपणावर तर जाऊच नका: जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्यांना दिसणार कसे?

मोठ्या पावसानंतर काही तासांत उगम गढूळ झाला, तर वरचं पाणी थेट आत शिरतंय असं समजा. पक्की खात्री चाचणीनेच होते. निर्जंतुक बाटलीत, झाकणाला आतून बोट न लावता नमुना घ्या आणि थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) शून्य हवेत.

तोवर पाणी खळखळून 1 मिनिट उकळा. 2000 मीटरपेक्षा उंचावर 3 मिनिटं. खतं-सांडपाण्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट हे रसायन मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.